नेऱ्याच्या शेडमधली तपकिरी पूड

नेऱ्यातल्या शेडमध्ये चाललेलं, जुन्या चुंबकांतून धातू परत मिळवण्याचं संशोधन यंदाच्या मार्चअखेर बंद झालं. त्याआधी, दिवाळीच्या तोंडावर, दिल्लीहून आलेली तपासणी समिती शेड पाहून गेली होती. समितीने जाताना जी बाटली सोबत नेली, तिच्यातली पूड त्या शेडमध्ये तयार झालेली नव्हती. ती विकत आणलेली होती. शेडमध्ये तयार झालेली पूड त्या वेळी मागच्या भिंतीला लावून ठेवलेल्या स्टीलच्या डब्यांमध्ये होती.

मी तिथे हजर होते. पुढे लिहिते आहे त्यातलं बहुतेक पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे. जे नंतर कळलं, ते नंतर कळलं असंच सांगितलं आहे.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढल्यावर आमची आवृत्ती बंद झाली आणि मी एका खासगी संशोधन केंद्राच्या प्रकाशन विभागात नोकरी धरली. विभाग म्हणजे मी आणि एक संगणक. वार्षिक अहवाल, पाहुण्यांसाठी माहितीपत्रक, संचालकांची भाषणं असं काम होतं. केंद्राची मुख्य इमारत पुण्यात होती. नेऱ्यातली शेड भाड्याची. ती तिथे घेण्याचं कारण साधं होतं: हिंजवडी जवळ. तिथल्या कंपन्या जुने संगणक काढून टाकतात. प्रत्येक जुन्या हार्ड डिस्कमध्ये बोटाच्या पेराएवढी चुंबकं असतात आणि त्या चुंबकांत निओडिमियम नावाचा धातू असतो. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारी, पवनचक्क्या, इस्पितळातली यंत्रं या सगळ्यांना तो लागतो. आपल्याकडे तो बहुतेक बाहेरून येतो. आपल्या कचऱ्यातून तो किती स्वस्तात परत काढता येईल, हे शेडमध्ये शोधायचं होतं.

प्रकल्पाची प्रमुख संशोधक परभणीकडची होती. तिशीतली, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली, करारावर नेमलेली. समितीने दुसरा टप्पा मंजूर केला तर मोठा कारखाना उभा राहणार होता आणि ती त्याची प्रमुख होणार होती. नामंजूर झाला तर शेड बंद आणि करारही संपणार. हे तिला पहिल्या दिवशीच लेखी कळवलेलं होतं.

आम्ही दोघी सूसच्या एकाच सोसायटीत राहत होतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस मला शेडवर जावं लागे, तेव्हा तिच्या गाडीतून जायचे. सूस, नांदे, चांदे, माण, मग हिंजवडीची कोंडी, मारुंजी आणि नेरे. बोलायला वेळ भरपूर मिळे. ती मला ताई म्हणायची.

"ताई, पेपरात संशोधनाची बातमी आली की फोटोत पांढरा कोट कायम असतो. का हो?"

"फोटोग्राफर घालायला सांगतो."

"आमच्या कोटाचा फोटो काढला तर लोक म्हणतील उंदरांनी खाल्लाय. आम्लाची भोकं बघा किती."

शेड मूळची कोंबड्यांची. मालकीणबाई नेऱ्यातल्याच, साठीच्या पुढच्या. त्यांच्या घराने थोडी जमीन विकली होती, थोड्या जमिनीवर खोल्या बांधून आयटीतल्या मुलांना भाड्याने दिल्या होत्या. शेड आणि तिच्यामागचा रिकामा गोठा तेवढा जुना राहिला होता. दुपारची भाकरी झाली की त्या शेडच्या दारात येऊन उभ्या राहत.

"कोंबड्या व्हत्या तवा वास तरी कळत व्हता. तुमचा वास कशाचा हाय त्ये बी कळंना. माझ्या हिरीत काय उतारलं तर बग हां बाय."

"काकू, थेंबसुद्धा बाहेर जात नाही. सगळं टाकीत जमा होतं, टँकर येऊन नेतो."

"मग आधी तू पी."

त्या खरोखर विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन आल्या होत्या. संशोधक ते उभ्या उभ्या प्यायली. मालकीणबाईंनी तिच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं, तांब्या घेतला आणि गेल्या. पुढे दर आठवड्याला हे चालू राहिलं. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेतूनही होत होती, पण मालकीणबाईंना ही तपासणी जास्त पटत होती.

हार्ड डिस्क उघडून चुंबकं काढायचं काम गावातल्या बायका करायच्या. हे काम यंत्राने करायचं पहिल्यांदा ठरलं होतं. यंत्र सगळं चिरडून टाकायचं. मग चुंबकाचे तुकडे लोखंडाच्या चुऱ्याला असे चिकटून बसत की सुटता सुटत नसत. म्हणून स्क्रू ड्रायव्हर आणि माणसं. बायकांना दारातच साडीच्या, बांगडीतल्या आणि मंगळसूत्रातल्या सेफ्टी पिना काढून डब्यात टाकाव्या लागत. एकदा एक जण विसरली. चुंबक हातातून सुटलं ते थेट तिच्या गळ्याशी जाऊन बसलं.

"अगं बया, मंगळसूत्र वडलं की ह्यानं!" ती ओरडली. "एवढ्या जोरानं नवऱ्यानं बी कदी वडलं न्हाई."

"तुज्या नवऱ्याला निऊन दाव ह्यो दगूड," दुसरी म्हणाली. "शिकंल काय तरी."

संशोधक हसता हसता खाली बसली होती. मग तिने त्या बाईच्या गळ्याकडचं चुंबक बाजूला सरकवून काढलं. सरळ ओढायचं नसतं, सरकवायचं असतं.

काढलेली चुंबकं भट्टीत तापवून त्यांची ओढ घालवली जाई. मग ती आम्लात विरघळवायची, लोखंड वेगळं करायचं, उरलेलं गाळून, सुकवून पुन्हा भट्टीत भाजायचं. शेवटी पूड उरे. यात दोन वर्षं गेली. पूड कधी लोखंडाने लाल यायची, कधी इतकी थोडी यायची की गाळण कागदावरून खरवडावी लागे. ज्या दिवशी ती पाहिजे तशी आली, त्या दिवशी संशोधकाने ट्रे बाहेर उन्हात आणून ठेवला. मालकीणबाई वाकल्या.

"ह्ये काय गं बाय? मशेरी भाजून ठिवलीया व्हय?"

रंग खरोखर तसाच होता. भाजलेल्या तंबाखूसारखा, गडद तपकिरी.

"दातांना लावू नका हां काकू. लई महाग मशेरी आहे."

"लई म्हनायला शिकली की ही!"

तपकिरी रंगाचं कारण तिने मला परतीच्या वाटेवर सांगितलं. चुंबकात निओडिमियम एकटा नसतो. प्रासिओडिमियम नावाचा दुसरा धातू त्याच्यासोबत असतो, आणि पुडीला तपकिरी रंग त्याच्यामुळे येतो. दोघांचे गुण इतके सारखे की त्यांना वेगळं करायला आम्लाच्या टाक्यांची लांबच लांब रांग लागते. निव्वळ निओडिमियमची पूड फिकट जांभळी, दिसायला सुरेख. पण चुंबक करणारे दोन्ही एकत्रच वापरतात.

"खिचडीच करायची आहे तर मिसळून आलेले डाळ-तांदूळ निवडत कशाला बसायचं?" ती म्हणाली. "आमची पूड तपकिरी आहे हाच आमचा मुद्दा आहे, ताई. वेगळं न करता वापरता येते, म्हणून स्वस्त पडते. अहवालात हे वाक्य जाड अक्षरात टाका."

मी टाकलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात चीनमधून येणारी चुंबकं अडली. वाहन कारखाने काळजीत पडल्याच्या बातम्या आल्या. ज्या विषयाची माहिती मागायला कधी कुणाचा फोन येत नसे, त्यासाठी केंद्रात रोज फोन वाजू लागले. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनीही फोन केले. त्यांना विचारायचं एकच होतं: "फोटोला काय मिळेल?" दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव लांबणीवर पडला होता, तो पुढे सरकला. समितीच्या भेटीचा दिवस ठरला.

भेटीच्या आधीच्या आठवड्यात संचालक शेडवर आले. ते सभ्य गृहस्थ होते, आवाज कधी चढवत नसत. त्यांनी भट्टी पाहिली, टाक्या पाहिल्या, बायकांना नमस्कार केला. मग डबा उघडून पाहिला.

"हे काय आहे?"

"आपलं उत्पादन, सर. मिश्र ऑक्साइड."

"हा रंग?"

"असाच हवा, सर."

"माहितीपत्रकात जांभळा आहे."

माहितीपत्रकातलं चित्र जाहिरात संस्थेने लावलं होतं. मजकूर माझा होता आणि मजकुरात रंगाचा उल्लेख नव्हता. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"चूक कुणाची हा प्रश्नच नाही. समितीने ते चित्र पाहिलं आहे. आता त्यांच्यासमोर ही... ही माती ठेवायची का?"

"समितीत धातुशास्त्रज्ञ आहेत, सर. त्यांना कळेल."

"एक आहेत. बाकीचे फाइलवाले. माझा एक प्रकल्प असाच गेला आहे. पदार्थ उत्तम होता, दिसायला चिखल. मंडळी नाकाला रुमाल लावून परत गेली." ते खुर्चीवर बसले. "तुमच्या लग्नात रुखवत मांडलं होतं ना?"

"माझं लग्न झालेलं नाही, सर."

"बहिणीचं झालं असेल. रुखवतातले लाडू कुणी खाल्ले होते का? नाही. रुखवत बघायला असतं, जेवण पंगतीत असतं. तुमचे डबे ही पंगत. तपासणी त्यांचीच होईल. टेबलावर फक्त रुखवत मांडायचं."

ते हे थट्टेने म्हणत नव्हते. मुख्य इमारतीतल्या यंत्रांची अचूकता तपासण्यासाठी निव्वळ निओडिमियम ऑक्साइडची एक बाटली आणलेली होती, परदेशातून. ती दुसऱ्या दिवशी शेडवर पोहोचली. पोचपावतीवर सही प्रकल्पप्रमुखाची घेतली गेली, कारण शेडमध्ये येणारी प्रत्येक वस्तू तिच्या ताब्यात असे.

"रुखवतातला लाडू निदान घरचा तरी असतो ना, ताई?" त्या संध्याकाळी माणच्या चौकात अडकलो असताना तिने विचारलं.

"आता असतोच असं नाही. अख्खं रुखवत भाड्याने मिळतं."

ती हसली नाही. तिने मला एक छोटं कार्ड छापून द्यायला सांगितलं. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहायचं होतं: 'तुलनेसाठी विकत घेतलेला शुद्ध नमुना'. मी छापून दिलं. भेटीच्या दिवशी सकाळी तिने ते बाटलीला टेकवून उभं केलं.

टेबल अंगणात मांडलं होतं. आत ट्यूबलाइटखाली जांभळा रंग राखाडी दिसायचा, उन्हात खुलायचा. मखमली कापड, झेंडूची माळ, मधोमध बाटली. अंगणात बायकांनी रांगोळी काढली होती: लाल-निळ्या टोकांचं नालाच्या आकाराचं चुंबक. त्यांना ठेवणीतल्या साड्या नेसून यायला सांगितलं होतं. आज कुणी स्क्रू ड्रायव्हर हातात धरायचा नव्हता, पिना लावायला परवानगी होती.

केंद्राच्या छायाचित्रकाराने दोन फोटो काढले आणि कार्डावर उजेड चमकतो म्हणाला. संचालकांच्या स्वीय सहायकाने कार्ड उचललं आणि खिशात ठेवलं. हे मी पाहिलं. संशोधक तेव्हा भट्टीपाशी होती. मी जाऊन तिला सांगितलं. ती सहायकाकडे गेली, त्याने संचालकांकडे बोट दाखवलं, आणि तेवढ्यात गाड्या आल्या.

शाल आणि नारळ देऊन झाले. समितीतले धातुशास्त्रज्ञ वयस्क होते, कमी बोलणारे. बाकीचे सदस्य अंगणात चहा घेत राहिले. हे आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ल किती लागतं, लोखंड कसं काढता, पाण्याचं काय करता. संशोधक हिंदीत उत्तरं देत होती. मध्ये एकदा त्यांनी "अच्छा!" म्हणून चष्मा काढून पुसला. ती त्यांना घेऊन मागच्या भिंतीकडे, डब्यांकडे वळली होती. तेव्हा संचालक आत आले आणि म्हणाले की पानं वाढली आहेत, नंतर विमान गाठायचं आहे.

सगळे बाहेर आले. टेबलापाशी धातुशास्त्रज्ञ थांबले. त्यांनी बाटली उचलून उन्हात धरली.

"ये यहीं की है?"

"जी, यहीं की," संचालक म्हणाले.

"सर, डिब्बे में भी है," संशोधक म्हणाली. "वो वाली भी ले लीजिए. वो अलग है."

"उनकी फ्लाइट है," संचालक तिला म्हणाले.

"सर, प्लीज, डिब्बे वाली..."

"अरे, यही ठीक है. पैक भी है," धातुशास्त्रज्ञ म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहून स्मित केलं आणि बाटली बॅगेत टाकली. तपासणीसाठी नमुना घेणं हा भेटीचा भागच होता. नमुना कोणता घ्यायचा, ते समिती ठरवते.

जेवणात मसालेभात, अळूची भाजी आणि जिलबी होती. संशोधक वाढायला उभी राहिली, जेवली नाही. गाड्या गेल्यावर मालकीणबाई टेबलाजवळ आल्या.

"बाटली निली व्हय त्यांनी? न्हेनारच. मशेरी कोन न्हेतंय!"

त्यांच्याशिवाय कुणी हसलं नाही. त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. संशोधकाने त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग वरडायचं न्हाई व्हय तवाच? माझ्या शेडमदी हुबी राहून मुकी झालीस?"

परत जाताना तिने नांद्याशी गाडी हळू केली. मग म्हणाली, "'ही आपली नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी 'ती वेगळी आहे' म्हणाले. काकूंना कळतं तेवढं मला कळू नये."

"उद्या लेखी कळव."

"संचालकांना विचारल्याशिवाय समितीशी पत्रव्यवहार करायचा नाही असं करारात आहे."

"मग संचालकांना विचार."

तिने विचारलं. मी तेव्हा मुख्य इमारतीत त्यांच्या खोलीबाहेर भाषणाचा मसुदा घेऊन बसले होते. दार उघडं होतं. ते म्हणाले, आता डबे पाठवले तर बाटलीबद्दल संशय येईल. बाटली शुद्ध आहे, शुद्ध निघेल, यात वाईट काय? ती म्हणाली, सर, तीच अडचण आहे, ती फार शुद्ध आहे. ते म्हणाले, तुम्ही दमला आहात, दिवाळीला घरी जाऊन या.

ती परभणीला गेली आणि भाऊबीज झाल्यावर लगेच परत आली. काम चालू राहिलं. डबे वाढत गेले.

तपासणीचा अहवाल थंडीत आला. बाटलीतल्या पुडीत निओडिमियमशिवाय नाव घेण्यासारखं काही नव्हतं. हार्ड डिस्कच्या चुंबकांपासून, त्या शेडमधल्या पद्धतीने, अशी पूड होऊ शकत नाही. सोबत धातुशास्त्रज्ञांचा एका ओळीचा प्रश्न होता: प्रासिओडिमियम कुठे गेला?

मुख्य इमारतीत बैठक झाली. मला टिपण घ्यायला बोलावलं होतं. संचालकांनी शांतपणे मांडलं की बाटली प्रकल्पप्रमुखाच्या ताब्यात होती, मांडणी शेडमध्ये झाली, नमुना शेडमधून गेला. यातलं एकही विधान खोटं नव्हतं. संशोधकाने कार्डाबद्दल सांगितलं. सहायक म्हणाला, त्याला कार्ड आठवत नाही. मी टिपण घ्यायचं थांबवून सांगितलं की कार्ड मी छापलं होतं, आणि ते सहायकाने खिशात टाकताना मी पाहिलं; संचालक "यहीं की" म्हणाले, तेही मी ऐकलं. इतिवृत्त माझ्याकडून काढून घेऊन दुसऱ्याकडे दिलं गेलं. अंतिम इतिवृत्तात माझं म्हणणं 'प्रकाशन विभागाचे मत' म्हणून आलं. "यहीं की" हे शब्द आले नाहीत.

संशोधकाने समितीला डब्यांतली पूड पाठवायची परवानगी मागितली. या वेळी ती मिळाली. समितीचं उत्तर आलं: एका प्रस्तावासाठी नमुना एकदाच स्वीकारला जातो, सादर केलेला नमुना दाव्याशी जुळत नसल्याने प्रस्ताव निकाली काढला आहे.

"फसवलं असं म्हटलेलं नाही त्यांनी," ती गाडीत म्हणाली. "जुळत नाही म्हटलंय. सभ्य माणसं आहेत."

तिचा करार मार्चअखेर संपला आणि वाढवला गेला नाही. संचालक आपल्या पदावर आहेत. त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात या प्रकल्पाला एक परिच्छेद मिळाला. तो मी लिहिला नाही. मी राजीनामा दिला होता. अहवालातलं चित्र टेबलावरच्या बाटलीचं आहे.

शेवटच्या आठवड्यात केंद्राने भट्टी, टाक्या आणि तराजू नेले. आम्लाचं पाणी टँकरने नेलं. बायकांना काम संपल्याचं सांगितलं. त्यातल्या दोघी आता मारुंजीच्या सोसायट्यांत घरकामाला जातात. डबे मात्र राहिले. भांडारात मालमत्ता म्हणून जमा करायला समितीने मान्य केलेलं उत्पादन लागतं. कचरा म्हणून द्यायला चालू प्रकल्पाचा क्रमांक लागतो. दोन्ही नव्हतं. गाडीबरोबर आलेला माणूस म्हणाला, "मॅडम, मी कशाच्या नावावर उचलू?"

मालकीणबाईंनी शेड व्यायामशाळेला द्यायचं ठरवलं होतं. त्यांना जागा रिकामी हवी होती.

"यक डबा तुज्यासंगं न्हे की गं. तूच केलीस न्हवं?"

"चोरी होईल, काकू."

"कुनाची चोरी? त्यास्नी तर नगं हाय."

"त्यांना नको असली तरी त्यांचीच आहे."

"लई शिकल्याली मानसं तुमी," मालकीणबाई म्हणाल्या. "टाकून बी देत न्हाई, आन् न्हेत बी न्हाई." त्यांनी दोन भाडेकरू पोरांना हाक मारली आणि डबे गोठ्यात हलवले. संशोधक दारात उभी राहून, कोणता डबा कुठे ठेवायचा ते सांगत होती. भिंतीला लावू नका, ओल येते. जमिनीवर नको, खाली फळी घाला. फळी नव्हती. मालकीणबाईंनी जुनी गव्हाण दाखवली. डबे गव्हाणीत ठेवले.

देशात या धातूचं महत्त्व सांगणाऱ्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. एका कार्यक्रमात संचालकांचं भाषण झालं. मी ते ऐकायला गेले नाही, वृत्तांत वाचला. कचऱ्यातून संपत्ती, असा मथळा होता.

संशोधक आता नांदेडला एका खासगी शिकवणीत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी रसायनशास्त्र शिकवते. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. दोन्ही ठिकाणी तिला बाटलीबद्दल विचारलं गेलं, असं ती म्हणाली. महिन्यातून कधी तरी तिचा फोन येतो. पाऊस सुरू झाल्यावर आला तेव्हा तिने इतर काही विचारलं नाही.

"ताई, नेऱ्याला जाणं होईल का? झाकणं घट्ट आहेत का तेवढं बघा. ती पूड हवेतलं पाणी ओढते. एकदा ओढलं की पुन्हा भाजावी लागते, आणि भट्टी आता नाही."

मी मागच्या रविवारी गेले. शेडमध्ये आरसे लावले आहेत आणि गाणी चालू होती. मालकीणबाईंनी गोठ्याची कडी काढून दिली. डबे गव्हाणीतच आहेत. वरच्या कौलांतून एका जागी पाणी गळतं. त्या जागेखालच्या डब्याचं झाकण निघालेलं होतं आणि आतल्या पुडीची ढेकळं झाली होती. बाकीच्या डब्यांची झाकणं लागलेली होती.